कर्ज काढू का, असं विचारलंत म्हणून

बारावीचा निकाल लागला की लग्नात, एसटीत, भाजी घेताना मला एकच प्रश्न येतो. "मॅडम, पोराचा इंजिनिअरिंगला नंबर लागतोय. कर्ज काढू का?" कराड तालुक्यातल्या एका कॉलेजात मी १९ वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते, म्हणून लोक हक्काने विचारतात. परवा तुम्हीही फोनवर तेच विचारलंत. घाईत नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

कर्ज काढा, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी मला एवढंच सांगा, घरातला उत्पन्नाचा दाखला कधीचा आहे?

पैशाअभावी शिक्षण अडलेली मुलं मी पाहिली आहेत. पण कागदाअभावी ज्यांची शिष्यवृत्ती हुकली, त्यांची आठवण मला जास्त छळते. मागे एकदा ऐन जुलैत एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. हातात कापडदुकानाची पिशवी, तिच्यात सगळे कागद घडी घालून ठेवलेले. दाखला होता, पण आदल्या वर्षीचा. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव दत्तात्रय, आधारवर दत्तू. मुलाचं आधार जोडलेलं होतं ते शाळेत असताना काढलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या खात्याला. पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच जातात, तुम्ही अर्जात कुठलंही पासबुक लावा. ते गृहस्थ पिशवीत पुन्हापुन्हा हात घालून बघत होते, आणखी एखादा कागद निघेल म्हणून. मला आजही ते दिसतं.

म्हणून मे महिन्यातच कामाला लागा. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घेऊन तहसीलचा नवा दाखला, डोमिसाईल, लागू असेल त्याला जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो, तो अर्ज खरं तर अकरावीतच टाकायला हवा. निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

दुसरी गोष्ट, प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेवर फी सवलत मिळत नाही. ओळखीचा कुणी 'आत्ता जागा पक्की करा, शिष्यवृत्तीचं नंतर बघू' म्हणाला, तर त्याचं ऐकू नका.

मुलगी असेल तर आता मोठा आधार आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना त्याच मर्यादेत राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. तिच्यातला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो. इथे एक कळकळीची विनंती. तो पैसा कॉलेजच्या फीचा आहे. घरातल्या आजारपणात किंवा बियाण्यात तो खर्च झाला, की सहा महिन्यांनी मूल माझ्यासमोर मान खाली घालून उभं राहतं. त्याचा काहीच दोष नसतो.

फीचं जमलं तरी खोली आणि मेस उरतेच, आणि खरं घोडं तिथेच अडतं. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. अनुसूचित जातीच्या मुलाला तिथे जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्याजेवणाचे पैसे मिळतात. पुण्याला जाणार असाल तर विद्यार्थी सहाय्यक समितीचा अर्ज चुकवू नका. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली उभी केलेली ही संस्था खेड्यातल्या कितीतरी मुलांचं पुण्यातलं घर झाली.

आणि कमवा व शिका. हे मी वाचून सांगत नाही, मी त्यावरच शिकले. दुपारी तास संपले की ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघी फाटकी पुस्तकं बांधायला बसायचो. मैद्याची खळ, पुठ्ठे, दाभण. खळ नखांत सुकायची ती रात्री जेवताना निघायची. तासावर मजुरी, महिनाअखेरीला रजिस्टरवर सही, आणि त्या पैशांत माझं मेसचं बिल निघायचं. आमच्या इथून जवळच, काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्यामुळे हातात झाडू किंवा कुदळ घेऊन शिकण्याची लाज आमच्या भागात कुणाला वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

फक्त काम कॉलेजच्या आवारातलं बघा. एमआयडीसीत रात्रपाळी धरलेली मुलं पहिल्या तासाला येत नाहीत, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि शिष्यवृत्तीचा हप्ताही अडकतो.

एवढं सगळं करूनही कमी पडलं, तर कर्ज. आणि ते सावकाराचं किंवा पतसंस्थेचं नको, बँकेचं शैक्षणिक कर्जच. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हिशेब करून बघा. चार वर्षं दरवर्षी १ लाख उचलले आणि दर सरळव्याजाने १० टक्के धरला, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, मग ४०, ३० आणि २०. हप्ता सुरू व्हायच्या आधीच १ लाख ४० हजार व्याज. शिकत असतानाच जमेल तेवढं व्याज भरत गेलात, तर हा डोंगर उभा राहत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज सरकार भरतं का, हे कर्जाच्या अर्जाआधीच बँकेत विचारा आणि तेव्हाच तो अर्ज जोडा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती ठरावीक संस्थांपुरती. मुलाचं कॉलेज त्या यादीत आहे का, ते आपण मिळून बघू.

सोमवारी मुलाला घेऊन या. मूळ कागद आणा, झेरॉक्स इथे काढता येतील. आणि येण्याआधी त्याच्या आणि तुमच्या आधारवरचं नाव गुणपत्रकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.