तुम्ही विचारलंत म्हणून : साहेब आरतीला पुढे का उभे राहतात?

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन सोलापुरात परतल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर ओळखीचे कोणी भेटले की तो हमखास येतो : फौजेत अधिकारी स्वतः आरतीला उभे राहतात म्हणे, मग वेगळ्या धर्माच्या माणसाने काय करायचे? नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिश्चन अधिकाऱ्याची बडतर्फीविरुद्धची याचिका फेटाळली; पूजेच्या वेळी गाभाऱ्यात जायला त्याने नकार दिला होता, तेव्हापासून या प्रश्नाला धार आली आहे.

ठरलेल्या दिवशी पलटण मंदिरात जमते, तिला आम्ही मंदिर परेड म्हणतो. पूजा सांगतात ते धर्मगुरू. ते नायब सुभेदार म्हणून भरती होतात आणि त्यांच्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू असे सगळे असतात. जवानांच्या पुढे मात्र सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख अधिकारी, उभे राहतात. बाहेरच्या लोकांना वाटते की साहेब भाविक आहेत म्हणून पुढे आहेत. वास्तविक तिथे ते आपल्या जवानांचा धर्म पाळत असतात, त्यांचा स्वतःचा कोणताही असो. शीख जवानांचा मल्याळी अधिकारी गुरुद्वाऱ्यात डोके झाकून बसतो आणि मराठा पलटणीतला शीख अधिकारी गणपतीची आरती म्हणतो. त्याचे काही शब्द चुकतात, मागच्या रांगेला ते कळतातही, आणि माझ्या मते त्या चुकांमुळेच तो जवानांना अधिक आपला वाटतो.

यामागचे कारण लढाईत आहे. आमची युद्धघोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, कुमाऊँ रेजिमेंटची ‘कालिका माता की जय’. चढाईच्या वेळी ही घोषणा देणारा अधिकारी एरवी देवळाच्या दारातच थांबत असेल, तर जवान त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, हा विचार सैन्य करते.

त्या खटल्यातला अधिकारी थर्ड कॅव्हलरी या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये शीख जवानांच्या तुकडीचा प्रमुख होता. परेडला तो जात असे, पण पूजेच्या वेळी गाभाऱ्यात जायला त्याचा नकार होता. 2021 मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. 30 मे 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवताना हा प्रश्न धर्मस्वातंत्र्यापेक्षा वरिष्ठांच्या कायदेशीर आदेशाचा मानला. संविधानाच्या अनुच्छेद 33 नुसार संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते, ही पार्श्वभूमीही आहेच. मला निकालामागचा विचार पटतो, शिक्षा मात्र जड वाटते; जिथे जवानांच्या धर्माचा प्रश्नच येत नाही अशा जागी त्याची बदली करता आली असती. अमेरिकेत 1972 साली एका अपील न्यायालयाने लष्करी अकादम्यांमधली चर्चची सक्तीची हजेरी घटनाबाह्य ठरवली होती. तिथे विचार एकट्या कॅडेटचा झाला, आपल्याकडे पलटणीचा झाला.

तरीही माझ्या मनात सर्वांत जास्त घोळतो तो जवान. संपूर्ण मराठा कंपनीत एखादाच मुस्लिम किंवा ख्रिश्चन शिपाई असतो. सीओ साहेबांनी त्याला अगदी सहज ‘आरतीला येतोस का?’ असे विचारले, तरी त्याच्या कानाला तो हुकूमच वाटतो आणि ‘नाही’ म्हणण्याची त्याची हिंमत होत नाही. म्हणून समजदार अधिकारी त्याला असे विचारतच नाही. तो सुभेदार मेजर साहेबांकरवी त्याच्या नमाजाची किंवा प्रार्थनेची वेळ मोकळी ठेवतो आणि ईदच्या बडाखान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसतो. मी असे अधिकारी पाहिले आहेत. ज्यांना हे सुचत नसे, असेही काही पाहिले. तिथे तो एकटा शिपाई टाळ्या वाजवत उभा राही आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसे.

त्यामुळे भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, तेव्हा मी आधी एवढेच विचारतो की मुलाला जवान व्हायचे आहे की अधिकारी. जवान होणार असेल, तर आपला धर्म मोकळेपणाने सांगण्याची सवय त्याला आतापासून लावा, असे मी सांगतो. अधिकारी होणार असेल, तर ज्या देवाला आपल्या घरात कोणी हात जोडले नाहीत त्याच्यापुढे तो जवानांसाठी उभा राहू शकेल का, हे अर्ज भरण्यापूर्वीच त्याला विचारून घ्या, असे सुचवतो.