वर्डप्रेसची जुनी साइट डॉकरमध्ये उभी करताना

मराठी मजकुराची एक जुनी वर्डप्रेस साइट लॅपटॉपवर कामासाठी हवी होती. डॉकर प्रत्येक प्रोग्राम त्याच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतं आणि कोणते कंटेनर एकत्र चालवायचे ते डॉकर कंपोजच्या फाइलीत लिहायचं. त्या फाइलीत दोनच सर्व्हिस लागतात, वर्डप्रेस आणि मारियाडीबी हा डेटाबेस, आणि ती फाइल पटकन लिहून होते. कस लागतो तो जुना डेटाबेस आत आणताना आणि साइटचे पत्ते जुळवताना.

इमेजला, म्हणजे ज्या साच्यावरून कंटेनर तयार होतो त्याला, 'लेटेस्ट' हा आवृत्तीचा टॅग देऊ नये. लाइव्ह सर्व्हरवर पीएचपी ८.२ आणि मारियाडीबी १०.११ होतं, म्हणून तेच टॅग घेतले. लाइव्हला मायएसक्यूएल ८ असेल तर इथेही तेच घ्या. त्याचं नेहमीचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) मारियाडीबी १०.११ ला ओळखता येत नाही आणि इम्पोर्ट मध्येच थांबतो.

डेटाबेस होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' चालत नाही, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर. तिथे सर्व्हिसचं नाव द्यायचं. नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्यापुरतीच वाट पाहिली जाते, तो तयार होण्याची नाही. मारियाडीबीच्या अधिकृत इमेजमध्ये हेल्थचेकची, म्हणजे डेटाबेस तयार आहे का ते तपासणारी, स्क्रिप्ट असते; ती लावून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घातली.

डेटाबेससाठी नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनर काढला तरी टिकणारी साठवण) ठेवला आणि बाहेरच्या फोल्डरमधून फक्त थीम आणि आपलं प्लगइन जोडलं. पासवर्ड आणि सुरुवातीची एसक्यूएल फाइल व्हॉल्यूम रिकामा असतानाच वाचली जाते. म्हणून कंपोजच्या फाइलीत नंतर पासवर्ड बदलला तर आतला जुनाच राहतो आणि जोडणी नाकारली जाते. कंपोजच्या 'डाउन' कमांडला 'व्ही' हा पर्याय जोडून चालवलं की व्हॉल्यूमच पुसला जातो, तेव्हा त्याआधी डंप, म्हणजे डेटाबेसची एसक्यूएल फाइलीतली प्रत, घ्याच.

आता देवनागरीचं. जुन्या साइटींच्या टेबलांवर पुष्कळदा लॅटिन-१ (रोमन लिपीपुरता कॅरेक्टर सेट) असं लिहिलेलं असतं, पण आत बाइट यूटीएफ-८ चे, म्हणजे देवनागरी सामावणाऱ्या पद्धतीचे, असतात. नेहमीसारखा डंप काढला तर त्यांचं दुसऱ्यांदा रूपांतर होतं आणि 'क'च्या जागी चिन्हं लावलेली रोमन अक्षरं दिसतात. अशा वेळी डंप लॅटिन-१ हा कॅरेक्टर सेट देऊन काढायचा, फाइलीतल्या कॅरेक्टर सेटच्या ओळी यूटीएफ-८-एमबी-४ करायच्या आणि मगच इम्पोर्ट करायचं. आधी फाइल एडिटरमध्ये उघडून मराठी नीट वाचता येतंय का ते बघा. तिथेच बिघडलेलं दिसलं तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

साइटचा पत्ता एसक्यूएल फाइलीत सरसकट बदलू नका. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग सीरियलाइझ करून, म्हणजे एका सलग मजकुरात बांधून, ठेवतं आणि प्रत्येक मजकुराची लांबी सोबत लिहितं. पत्ता लहान-मोठा झाला की लांबी जुळत नाही आणि विजेट, थीमची सेटिंग गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची 'सर्च-रिप्लेस' कमांड हे सांभाळते. सीएलआयची इमेज अल्पाइन या छोट्या लिनक्सवर आहे, तिथे वेब-युजरचा क्रमांक ८२ असतो, तर वर्डप्रेसच्या अपाचे (वेब-सर्व्हर) असलेल्या इमेजमध्ये ३३. म्हणून सीएलआय ३३ क्रमांकाने चालवायचं, नाहीतर फाइल लिहिताना परवानगी नाकारली जाते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बाहेरचा ८०८० पोर्ट आतल्या ८० ला जोडला आणि पत्त्यातही ८०८० ठेवला, तर ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित दिसते, पण वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट प्रसिद्ध होत नाहीत. अशी कामं सुरू करायला वर्डप्रेस स्वतःलाच ८०८० वर हाक मारतं आणि कंटेनरच्या आत त्या पोर्टवर कोणीच नसतं. लॅपटॉपवर ८० मोकळा असेल तर ८० ला ८० जोडा आणि पत्त्यातून पोर्ट काढून टाका. नसेल तर आतल्या अपाचेलाही ८०८० वर ऐकायला लावा.