तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पंज्याच्या मशीनमधून खेळणं कसं काढायचं

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची नजर टीव्हीच्या वरच्या फळीवर जाते. तिथे सॉफ्ट टॉईजची रांग लावलीय, मॉलमधल्या क्लॉ मशीनमधून, म्हणजे काचेच्या पेटीत वरून पंजा सोडून खेळणं उचलायचं त्या मशीनमधून काढलेली, आणि हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आम्हाला आजवर एक पण नाही मिळालं हो, तुम्ही नेमकं करता काय? मागच्या रविवारी शेजारच्या वहिनींनी विचारलं, त्याआधी कंपनीतल्या दोघांनी, भावोजी तर दर वेळी विचारतात. म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकतो.

आधी मशीनचं सांगतो कारण तिथेच निम्मं उत्तर आहे. मी रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, बारा वर्षं कॉन्टॅक्टर आणि सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, त्या कॉइली हाताळतोय, आणि तो पंजा म्हणजे तेच आहे, दुसरं काही नाही. कॉइलला करंट मिळाला की तिचं चुंबक होतं, आतला दांडा खेचला जातो आणि तिन्ही बोटं मिटतात. किती घट्ट मिटायची ते कॉइलला किती व्होल्टेज दिलंय त्यावर. आणि हे व्होल्टेज मशीनच्या बोर्डवर मेन्यूमधून सेट करता येतं, घट्ट पकड किती, ढिली पकड किती, आणि किती खेळींनंतर एकदा घट्ट द्यायची, सगळं मालकाच्या हातात. काही बोर्डांत तर अशी सोय असते की खाली पंजा छान पकडतो, वर उचलतो, आणि वर गेल्यावर व्होल्टेज कमी होतं. आपण सगळे "अरेरे थोडक्यात गेलं" म्हणतो ना, ते बऱ्याचदा थोडक्यात गेलेलं नसतंच. तुमचा नेम बरोबर होता, पकड सोडली मशीनने.

आता हिशोब बघा. समजा एक खेळ शंभरचा, आतलं खेळणं मालकाला अडीचशेला पडतं, आणि त्याने ठरवलं की जमलेल्या पैशातला पाव हिस्सा खेळण्यांवर जाऊ दे. म्हणजे हजार जमले की एक खेळणं बाहेर, म्हणजे दहा खेळींत एकदा घट्ट पकड. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, जागेप्रमाणे बदलतात. पण लागोपाठ नऊ जण हरले म्हणजे दहावा आपलाच असंही समजू नका, कारण बरेच बोर्ड हा आकडा पुढेमागे फिरवतात, आणि घट्ट पकड आली त्याच वेळी नेम चुकला तर तीही वाया.

मग आपल्या हातात उरतं काय? तर निवड. कुठलं मशीन, कुठलं खेळणं, आणि कधी थांबायचं. जॉयस्टिकची सफाई त्यानंतर येते.

मी आणि माझी भाची ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने जातो, कधी ठाण्याला, कधी सीवूड्सला, तिथे तर स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. गेल्या गेल्या गेम झोनचं कार्ड मशीनला टॅप करत नाही. पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघतो, आणि बघायचं ते पंजाकडे, खेळण्याकडे नाही. वर टोकाला पोचल्यावर पंजाला हलका झटका बसतो, त्या झटक्याला खेळणं टिकतं का? दोन-तीन जणांचं टिकून मग खेळणं बाहेर येतं त्या भोकाच्या वाटेवर पडत असेल तर त्या पंजात दम आहे. बोटं खेळण्यावरून नुसती घसरत वर येत असतील, दर वेळी, तर ते मशीन सोडून द्या, मग आत कितीही गोंडस काहीही असो.

दुसरं, आतली भरणी. खेळणी काचेपर्यंत ठासून, एकमेकांत दाबून भरली असतील तर पंजाची बोटं खालपर्यंत शिरतच नाहीत. अर्धं रिकामं, वरची खेळणी मोकळी पडलेली, असं मशीन शोधायचं. आणि खेळणं निवडताना माणसं रडवेल्या पोराने बोट दाखवलेलं खेळणं निवडतात, तिथेच पैसे जातात. भोकाच्या जवळचं, सगळ्यात वर आडवं पडलेलं, ज्याचे हातपाय कशाखाली अडकलेले नाहीत असं घ्या. गुळगुळीत गोल बॉलसारखं असेल तर नको, बोटांना धरायला काही नसतं. मान बारीक आणि डोकं मोठं असेल तर उत्तम, कारण बोटं मानेत अडकतात आणि मग पकड ढिली असली तरी डोक्याचा भार बोटांवर टेकून राहतो. काखेतही अडकतात. पोटावर मात्र कधी पकडू नका.

इथे एक महत्त्वाचं. रील्समध्ये ते टॅगच्या दोरीत बोट अडकवून, ढकलत ढकलत बॉक्स काढतात ना, ती बहुतेक जपानची मशीनं. सेगाने 1985 साली यूएफओ कॅचर काढला तेव्हापासून तिकडे दोन हातांचा पंजा जास्त चालतो, तिकडचा खेळच थोडं थोडं सरकवत नेण्याचा. आपल्याकडे बहुतेक तीन बोटांचा पंजा, सरळ खाली आणि सरळ वर. ते बघून इथे करायला जाऊ नका.

नेमाचं म्हणाल तर दोन माणसं लागतात. समोरून डावं-उजवं कळतं, पण पुढे-मागे किती ते कळत नाही, म्हणून भाची बाजूच्या काचेला नाक लावून उभी राहते आणि "मामा थोडं मागे, अजून, बास" करते. टायमर चालू असतो, तेव्हा पहिल्या काही सेकंदांतच पंजा जागेवर न्यायचा आणि उरलेला वेळ त्याचं झुलणं थांबायची वाट बघायची. झुलत्या पंजावर बटण दाबलं की तो चार बोटं बाजूला पडतो, हमखास.

फळीवरचा तो राखाडी हत्ती असाच आला. काचेजवळ उताणा पडलेला, सोंड वर, मागचे दोन्ही पाय एका सशाखाली दाबलेले. दोन खेळी केल्या, दोन्ही वेळा पंजाने उचलला, पाय अडकल्यामुळे तिरका झाला आणि घसरला. पण दुसऱ्या वेळी ससा बाजूला गडगडला आणि हत्तीचे पाय सुटले. भाची म्हणाली मामा आता. तिसऱ्यांदा एक बोट सोंडेच्या मागून, दोन बोटं कानांखालून गेली, वर झटका बसला, हत्ती हलला, एका कानावर लटकला आणि तसाच लोंबकळत भोकापर्यंत आला. तिने तो आवाज ऐकेपर्यंत श्वास धरला होता, धप्प.

आता पैशाचं, आणि हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगतो. आम्ही कार्डात तीनशे टाकून जातो, संपले की बाहेर वडापाव. दुसरा रिचार्ज नाही म्हणजे नाही. अमेरिकेत 1951 च्या कायद्यात ही पंज्याची मशीनं जुगाराच्या यंत्रांत धरली होती, उगाच नाही. थोडक्यात हुकलं की माणूस पूर्ण हरल्यापेक्षा जास्त जोराने परत खेळतो, आणि हे मशीन थोडक्यात हुकवण्यातच तरबेज आहे.

एकदा एका मॉलमध्ये एक बाबा बघितले, चार-पाच वर्षांची मुलगी कडेवर, चौथ्यांदा काउंटरवर कार्ड भरायला गेलेले. गुलाबी युनिकॉर्न हवा होता, तो पार मागच्या कोपऱ्यात, मानेपर्यंत गाडलेला. कोणीही काढू शकत नव्हतं तो. मला राहवलं नाही, मी म्हटलं दादा, खेळू नका, आधी इथल्या कामाच्या मुलाला बोलवा. गेम झोनमधला मुलगा आला, विनंती केली, त्याने किल्ली लावून काच उघडली आणि युनिकॉर्न उपसून वर, भोकाशेजारी आडवा ठेवला. विचारलं तर पुष्कळदा करतात ते, लोक विचारतच नाहीत. मग मी बाजूच्या काचेला उभा राहिलो आणि ते खेळले. पहिल्या खेळीत नाही आला. दुसऱ्यात पंजाने मान धरली, आणि त्या मुलीने कडेवरूनच खाली उडी मारली.