पी.जे.च्या वाटेनं: वरखेडी–शेंदुर्णी पायी जाऊ नका

आधीच सांगतो, जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा–जामनेर या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेलाइनचा वरखेडी ते शेंदुर्णी हा टप्पा चालत करू नका. "रुळाच्या कडेनं सरळ वाट आहे, तीन तासांत निवांत पोहोचाल" असं मला ज्यानं छातीठोक सांगितलं, तो त्या वाटेनं गेलाच असेल तर गाडीत बसून गेला असणार. आम्हा दोघांना साडेसहा तास लागले. आम्ही सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडलेली माणसं आहोत, तरीही.

पाचोरा–जामनेर नॅरोगेजला खान्देशात सगळे पी.जे.च म्हणतात. लांबी 56 किलोमीटर, 1918-19 च्या सुमारास सुरू झालेली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये गाडी थांबली ती थांबलीच. आता रुंदीकरण करून लाइन पुढे बोदवडपर्यंत न्यायची आहे. त्यामुळे जुनं जे काही उभं आहे ते फार दिवस राहणार नाही, या घाईनं निघालो. चौकशी मात्र धड केली नाही, ही चूक माझीच.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. महाराष्ट्र एक्सप्रेसनं पहाटे पाचोऱ्याला उतरलो आणि चहा घेऊन छोट्या लाइनच्या बाजूला गेलो. मोठ्या लाइनचे रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर, पी.जे.चे 762. म्हणजे एकाचा डबा दुसऱ्यावर चढणं शक्यच नाही. जामनेरकडून आलेला कापूस, धान्य, जे काही असेल ते इथं हमालांच्या पाठीवरून मोठ्या लाइनच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, जायचं. धक्क्याच्या दगडी कडा घासून गुळगुळीत झाल्यात त्या कशानं, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. पुलावरून आणि रस्त्यावरून दिसतं तेवढं बघा, आत शिरू नका. पाचोरा चालू स्टेशन आहे, पोलीस असतात.

वरखेडीपर्यंत एस.टी.नं गेलो. तिथं फाटकापाशी एक म्हातारे बाबा बसले होते. "कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" शेंदुर्णीला, चालत, असं म्हटल्यावर ते हसले. "तठे काय ऱ्हायनं? बठ्ठं उखाडी ली ग्यात." म्हणजे तिथं काय राहिलंय, सगळं उखडून नेलं. तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

पहिले दोन किलोमीटर बरे गेले. पुढे रूळ नाहीत. रूळ नाहीत म्हणून वाट मोकळी असेल असं वाटतं, पण उलटंच आहे. पाच वर्षं गाडी नाही, गँगमन नाही, त्यामुळे वेडी बाभूळ दोन्ही बाजूंनी आत आलीय. काटा साध्या बुटाचा तळ सहज फोडतो. बाभूळ टाळायला बांधावरून खाली उतरावं तर काळी जमीन. परतीचा पाऊस चार दिवसांपूर्वीच होऊन गेलेला, दर पावलाला बुटाला किलोभर चिखल. पुन्हा वर चढावं तर उरलेली खडी घोट्याखाली सरकते. हेच चढणं-उतरणं तासन् तास. नाल्यावरच्या एका मोरीवर वरचं सगळं काढून नेलंय, नुसते दोन लोखंडी गर्डर उरलेत. माझा मित्र त्यावरून जायला निघाला होता. मी शिव्या घालून त्याला नाल्यात उतरवला. तुम्हीही नाल्यातूनच जा, आणि काठीनं गवत आपटत जा, घोणस असते. सावली कुठंच नाही. माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं, ते दुपारी एकलाच संपलं.

शेवटी कंटाळून एका पाणंदीनं डांबरी रस्त्याला लागलो आणि तिथं एका रिक्षावाल्यानं शेंदुर्णीपर्यंतचे पाचशे घेतले. जेमतेम चार किलोमीटर! आमचे चिखलानं भरलेले पाय बघून त्यानं भाव ठरवला, हे उघड होतं. एस.टी. दहा मिनिटांत मागून आली.

शेंदुर्णीचा मालधक्का मात्र सगळं वसूल करून गेला. त्रिविक्रमाचं मंदिर बघायला लोक या गावात येतात, स्टेशनाकडे कोणी फिरकत नाही. बुटका दगडी धक्का, वर पत्र्याचं छप्पर, भिंतीवर खडूनं घातलेल्या बेरजा, कोपऱ्यात वजनकाट्याच्या जागेचा चौकोनी खड्डा. उन्हं कलली होती. आम्ही बाहेरच्या ओट्यावर तासभर काही न बोलता बसलो. याच एका जागेसाठी मी परत जाईन, पण एस.टी.नं.

पडक्या खोल्यांत डोकं घालण्याआधी वर बघा. इथल्या एका खोलीत तुळईला आग्या मोहोळ होतं, दारातच कळलं म्हणून वाचलो. छायाचित्राचा फ्लॅश तिथं मारू नका.

पहूर, जामनेर दुसऱ्या दिवशी झालं. छान आहे, रस्ता जवळ आहे, सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी धरणगाव आणि अमळनेर, म्हणजे सुरत–जळगाव ही तापी व्हॅलीची लाइन. तिथं गाड्या चालू आहेत, फलाटाचं तिकीट काढून उभे राहिलात तर कोणी काही बोलत नाही.

आता कायद्याचं. गाडी बंद असली तरी जमीन रेल्वेचीच आहे. विनापरवाना आत शिरलात तर 1989 च्या रेल्वे अधिनियमाचं कलम 147 लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही ते गांभीर्यानं घेतलं नव्हतं, सुदैवानं कोणी हटकलं नाही. तुम्ही भुसावळच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. आणि आठवण म्हणून रुळाची चावी (रूळ घट्ट बसवायची लोखंडी पाचर) किंवा खिळा पिशवीत टाकू नका. भंगार चोरीमुळे रेल्वे पोलीस आधीच वैतागलेले असतात आणि 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्या मित्राच्या खिशातला खिळा मी शेंदुर्णीतच परत टाकायला लावला, तो अजून रुसलेला आहे.

जाडसर तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काटे काढायचा चिमटा घ्या. परतीच्या एस.टी.ची वेळ फलकावर वाचू नका, कंट्रोलरला विचारा. आमची साडेपाचची गाडी सव्वासातला आली, पण समोरच्या टपरीवर गरम पाटोडी होती.