अर्धा गुण, पण माझ्यासाठी मोठा

आज बेळगावच्या टिळकवाडीत बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी. समोर गोकाकचे एक काका, साठीच्या पुढचे. पांढरी त्यांच्याकडे. सुरुवातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मधल्या खेळात माझं एक प्यादं गेलं आणि पोटात गोळाच आला.

शेवटी पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि त्यांचं एकच प्यादं, ई-५ वर. त्यांचा राजा डी-५ वर, माझा ई-८ वर, प्याद्याच्या वाटेतच उभा. तेव्हा अठराव्या शतकातला फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोर आठवला. १७७७ साली त्याने दाखवलेला बचाव! हत्ती सहाव्या ओळीत आणून ठेवला, म्हणजे त्यांच्या राजाला त्या ओळीत पाऊल टाकता येईना. मग तिथेच आडवा फिरवत राहिलो. वाट बघणं हेच खरं कठीण असतं. प्यादं ई-६ वर सरकलं आणि त्याच क्षणी माझा हत्ती थेट खाली, पहिल्या ओळीत. आता प्याद्यापुढे त्यांच्या राजाला लपायला जागाच नाही, मागून शहावर शह. घड्याळात तीन मिनिटं, हात थरथरत होता.

काकांनी खेळी केली, "बरोबरी?" म्हणून विचारलं आणि मगच घड्याळ दाबलं. अगदी नियमाप्रमाणे.

हात मिळवताना कन्नडमध्ये म्हणाले, "छलो आडिदी तम्मा." म्हणजे, छान खेळलास, भावा. मला भरून आलं. प्यादं एक घर मागेच ठेवायला हवं होतं का, यावर अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं बोलत आम्ही परत पट मांडला. त्यांची गोकाकची बस सहाची होती. सव्वासहा वाजले तरी काका उठले नव्हते.