शाळा सुटली, शंका सुटल्या नाहीत

बाक, घंटा आणि छडी यांच्याविषयी या स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. माझ्या वाट्याचं पान मी इंग्रजीच्या तासाला देतो. तिथल्या काही शंका शाळा सुटली तरी सुटत नाहीत.

आधी या सोहळ्यातलाच शब्द घेऊ. ‘आय ॲम ॲन ॲलम्नाय’ हे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हमखास ऐकू येतं. शब्द मूळचा लॅटिन आणि ॲलम्नाय हे अनेकवचन. एकटा विद्यार्थी ॲलम्नस, एकटी विद्यार्थिनी ॲलम्ना. पाठोपाठ येणारं ‘आय पास्ड आउट’ भारतात खपतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला मात्र तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. (लष्करी छात्रांचं पास आउट होणं तेवढं वेगळं.) ‘आय फिनिश्ड स्कूल’ म्हटलं की काम भागतं.

‘अ’ की ‘ॲन’, हा गोंधळ पाच स्वराक्षरं घोकल्यामुळे होतो. नियम स्पेलिंगचा नाही, उच्चाराचा आहे, आणि इथे देवनागरीच मदतीला येते. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एक्स-रे, एसएमएस यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूएसबी यांची सुरुवात ‘य’ने आणि वन-वेची ‘व’ने, म्हणून त्यांना ‘अ’. अंब्रेला आणि युनिफॉर्म यांचं स्पेलिंग एकाच अक्षराने सुरू होतं, तरी ‘ॲन अंब्रेला’ आणि ‘अ युनिफॉर्म’. युक्ती फसते ती उच्चार चुकला तर. वर्षाला आपण ‘इयर’ म्हणतो, पण इंग्रजीत तो ‘यिअर’ आहे, म्हणून ‘अ यिअर’. कान मात्र ‘ॲन इअर’. आणि ‘इस्कूल’ म्हणणाऱ्याला ही युक्ती देऊच नये!

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत दोष आपल्या ‘पासून’चा. सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, दोन्हीकडे मराठीला एकच शब्द चालतो. इंग्रजी मात्र विचारते, सुरुवातीचा क्षण सांगताय की कालावधीची लांबी? कसोटी सोपी आहे. ‘पासून’ काढून आधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून बघा. ‘गेली दोन वर्षं’, ‘गेले तीन दिवस’ जमतं, तिथे ‘फॉर’. ‘गेली 2019’ जमत नाही, तिथे ‘सिन्स’. शिवाय मराठीत ‘राहतो आहे’ हा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत पुरत नाही. त्यामुळे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’मध्ये चुका दोन. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक ‘माझा एक मित्र’ डोक्यात असल्याने होते. त्याऐवजी ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणा. ‘पैकी’ आपोआप अनेकवचन मागतो: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. क्रियापद मात्र त्या एकाचं, म्हणून ‘इज’.

‘डिड नॉट वेंट’ का चूक? भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललेला असतो, पुढे मूळ ‘गो’च हवं. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ आपल्या ‘विषयी’ची सावली आहे. डिस्कस या क्रियापदाला तो नको, डिस्कशन या नामाला चालतो.

सगळ्यात घोटाळा करणारे शब्द सगळ्यात छोटे. ‘तू आला नाहीस?’ यावर आपण ‘हो, नाही आलो’ म्हणतो, कारण आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला ‘येस’ किंवा ‘नो’ पुढच्या स्वतःच्या क्रियापदाशी जुळतो: ‘नो, आय डिडन्ट’. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ हा त्याचाच भाऊ. आपल्या कानाला ते ‘बसलो तर चालेल का?’ असं ऐकू येतं आणि तोंडून ‘येस’ निघतं. विचारलेलं असतं, ‘तुमची हरकत आहे का?’ खुशाल बसा म्हणायचं असेल, तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’.