खोली सोडून जाऊ न शकणारा भाडेकरू

भिंतीवर बुरशी चढली आणि घरमालकाने महिनोन्‌महिने लक्ष दिले नाही, तर भाडेकरू शेवटी सामान बांधतो. खाणावळीत रोज अर्धवट शिजलेले अन्न मिळू लागले, तर गिऱ्हाईक दुसरी खाणावळ गाठते. बराकीत राहणाऱ्या तरुण सैनिकाला या दोन्ही वाटा बंद असतात. त्याने कोठे राहायचे हे आदेशाने ठरते, जेवणाचे पैसे पुष्कळदा पगारातूनच परस्पर वळते होतात आणि सेवेची मुदत संपेपर्यंत त्याला नोकरी सोडता येत नाही. सैनिकांच्या राहण्याजेवण्याचा विषय निघाला की बोलणे लगेच त्याग आणि कृतज्ञता यांच्याकडे वळते. पण त्या शब्दांनी गळणारा नळ बंद होत नाही. मी स्वतः कधी गणवेश घातलेला नाही. सरकारी हिशेब तपासणीचे रूक्ष अहवाल वाचण्याची खोड मात्र मला आहे, आणि ते वाचताना मला सैनिक हा सर्वांत आधी एक असहाय भाडेकरू म्हणून दिसू लागला.

अमेरिकेच्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या हिशेब तपासणी संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये सैनिकी बराकींवर एक अहवाल प्रसिद्ध केला. तपासनीसांनी दहा तळांना भेटी दिल्या आणि तेथे राहणाऱ्या सैनिकांशी गटागटाने चर्चा केली. तुंबून वर आलेले सांडपाणी, बुरशी, फुटक्या खिडक्या, न लागणारी कुलुपे, झुरळे आणि उंदीर ही त्यांत नोंदलेली दृश्ये एखाद्या युद्धग्रस्त शहरातली नसून, संरक्षणावर जगात सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशातली आहेत. एका तळावरच्या सैनिकांनी सांगितले की, एखाद्या खोलीत आत्महत्या झाली तर तेथे उरलेली घाण साफ करण्याचे कामही त्यांच्यावरच येऊ शकते. हे वाक्य वाचून मी अहवाल थोडा वेळ मिटून ठेवला होता.

या दृश्यांहूनही महत्त्वाचा भाग पुढे आहे. इमारतींना त्यांच्या स्थितीनुसार गुण देण्याची पद्धत असते, पण कागदावर चांगले गुण मिळवणाऱ्या काही इमारतींतही वातानुकूलन किंवा नळकाम दीर्घकाळ बिघडलेले आढळले. बराकींच्या देखभालीवर एकूण किती खर्च होतो, याचे पूर्ण चित्र संरक्षण खात्याकडे नव्हते. ज्यांनी नियमाप्रमाणे बराकीत राहायला हवे, पण जागेअभावी ज्यांना बाहेर राहण्याचा भत्ता द्यावा लागतो, त्यांच्यावर किती पैसा जातो हेही वेगळे काढता येत नव्हते. एखाद्या इमारतीवर काय खर्च होतो हेच ठाऊक नसेल, तर ती वेळेवर दुरुस्त करणे स्वस्त की सडू देऊन माणसे बाहेर ठेवणे स्वस्त, हा साधा हिशेबसुद्धा कोणाला मांडता येणार नाही. अहवालात एकतीस शिफारशी होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा शिफारशी आधी मोजा, मग बोला, अशाच स्वरूपाच्या होत्या.

बुरशीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. बराकीत बुरशी दिसली की पहिला संशय राहणाऱ्यांच्या अस्वच्छतेवर येतो आणि शिक्षा म्हणून साफसफाईचा हुकूम सुटतो. प्रत्यक्षात बुरशी हा बहुतेक वेळा इमारतीच्या यंत्रणेचा दोष असतो. दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली आणि त्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या खाली असले की तेथे पाणी साचते. वातानुकूलन यंत्र हवा नुसती गार करत असेल आणि तिच्यातील ओल पुरेशी काढत नसेल, तर खोली जितकी गार तितक्या भिंती आणि नळ्या ओल्या, असा उलटा प्रकार होतो. त्यातच एका खोलीत दोघे-तिघे राहतात, ओले कपडे आतच वाळतात, न्हाणीघरातली वाफ बाहेर काढणारा पंखा बंद असतो आणि खिडकी गंजून बसलेली असते. अशा भिंतीवर ब्लीच फिरवून वरून रंग दिला की पाहणीच्या दिवशी ती स्वच्छ दिसते; काही आठवड्यांनी डाग पुन्हा तेथेच उमटतात. उत्तर कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅग येथे २०२२ साली नेमके हेच लक्षात घ्यावे लागले. स्मोक बॉम्ब हिल भागातील १९७० च्या दशकातल्या बराकींची हवा खेळवण्याची यंत्रणा आजच्या गरजेला पुरी पडत नव्हती, आणि अखेर सुमारे १,२०० सैनिकांना तेथून हलवून त्यांतल्या अनेक इमारती पाडण्याचे ठरले. इतकी वर्षे तेथे ब्रश घेऊन भिंती घासणाऱ्या मुलांची त्यात काय चूक होती?

मग दुरुस्ती वेळेवर का होत नाही? याचे उत्तर बहुतेकदा दुष्टपणात नसून अंदाजपत्रकाच्या रचनेत असते. नवे विमान किंवा नवी नौका घ्यायची तर तिच्यामागे कारखाने, मतदारसंघ आणि राजकारणी उभे राहतात. छताच्या डागडुजीमागे कोणी उभे राहत नाही. देखभालीचा खर्च यंदा पुढे ढकलला तर त्याचा परिणाम यंदा दिसत नाही, आणि तो दिसू लागतो तोवर तळाच्या प्रमुखाची बदली झालेली असते. अशा रीतीने साचत गेलेला अमेरिकी संरक्षण खात्याच्या सर्व इमारतींच्या दुरुस्तीचा अनुशेष २०२० या आर्थिक वर्षात किमान १३७ अब्ज डॉलरवर पोहोचला होता. त्यात बराकींच्या वाट्याला विशेष उपेक्षा येते, कारण तेथे राहतात ते सर्वांत तरुण, अविवाहित आणि सर्वांत खालच्या हुद्द्यावरचे लोक. निर्णय घेणारा अधिकारी त्या खोलीत राहण्याचे वय आणि हुद्दा केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धानंतर ब्रिटनमध्ये १८५७ साली सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणारा शाही आयोग नेमला गेला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी आकडेवारीचे प्रचंड काम केले. त्यातून बाहेर आलेली गोष्ट सरकारला हादरवणारी होती: शांततेच्या काळात, मायदेशी, बराकीत राहणाऱ्या सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरी पुरुषांच्या जवळपास दुप्पट होता. हे सैनिक भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीतून निवडलेले, म्हणजे सरासरीपेक्षा निरोगी होते, हे लक्षात घेतले तर आकड्याचा खरा अर्थ कळतो. दाटीवाटीने लावलेल्या खाटा, बंद खिडक्या, रात्री लघवीसाठी खोलीतच ठेवलेली पिंपे आणि त्या कोंदट हवेत पसरणारा क्षय यांनी ही माणसे मारली होती. आयोगाने प्रत्येक माणसामागे किमान ६०० घनफूट जागा असावी असे सुचवले. त्याच काळात सैनिकाचे मांस शिजवायला बराकीत बहुधा फक्त उकळण्याची भांडी असत, त्यामुळे वर्षानुवर्षे रोज उकडलेलेच मांस ताटात पडे. आणि या शिध्यापोटी त्याच्या दिवसाच्या एका शिलिंगमधून ठरावीक रक्कम कापली जाई.

ही कपातीची प्रथा आज वेगळ्या नावाने टिकून आहे. अमेरिकेत २०२४ साली सैनिकाला दरमहा ४६०.२५ डॉलर इतका भोजन भत्ता मिळत असे, पण बराकीत राहून मेसमध्ये जेवणाऱ्या कनिष्ठ सैनिकाच्या पगारातून त्यातला बहुतेक भाग परत कापून घेतला जाई. कपात करण्यास माझा आक्षेप नाही. जेवण पुरवले तर त्याचे पैसे घ्यावेत. आक्षेप आहे तो कापलेला पैसा जेवणापर्यंत पोहोचत नाही याला. ‘मिलिटरी डॉट कॉम’ या वृत्तसंकेतस्थळाने २०२५ च्या आरंभी लष्कराच्याच हिशेबांवरून दाखवून दिले की, अकरा मोठ्या तळांवर सैनिकांकडून जमा झालेल्या सुमारे २२.५ कोटी डॉलरपैकी १५.१ कोटी डॉलर अन्नावर खर्चच झाले नव्हते. खासगी खाणावळवाल्याने महिन्याचे पैसे आगाऊ घेऊन त्यांतला तिसरा हिस्सा फक्त ताटात घातला असता, तर दुसऱ्या महिन्यात त्याच्या दारात कोणी उभे राहिले नसते.

अन्नाच्या दर्जाइतकाच वेळेचा आणि अंतराचा प्रश्न आहे, पण बाहेरच्या लोकांना तो सहसा सुचत नाही. टेक्सासमधील तेव्हा फोर्ट कव्हाझोस नाव असलेल्या तळावर २०२३ च्या उन्हाळ्यात दहा प्रमुख भोजनगृहांपैकी बराच काळ दोनच सुरू होती. आचारी इतर मोहिमांवर आणि सरावांवर गेलेले होते. तळ काही मैलांत पसरलेला, मधल्या सुटीचा वेळ मोजका आणि अनेक नव्या सैनिकांकडे स्वतःचे वाहन नाही, अशा स्थितीत उघडे भोजनगृह नकाशावर असून नसल्यासारखेच. मग उरते ते यंत्रातून मिळणारे वेफर, ऊर्जापेये आणि पदरचे पैसे मोडून मागवलेले जेवण. म्हणजे एकाच जेवणाचे पैसे दोनदा. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची आणि विमानांच्या देखभाल कामगाराची अवस्था याहून बिकट, कारण मेसच्या वेळा दिवसाच्या कार्यालयीन वेळापत्रकावर बेतलेल्या असतात. पौष्टिक पदार्थांवर हिरवी आणि अपायकारक पदार्थांवर लाल खूण करण्याची पद्धत तेथे आहे, आणि ती चांगलीच आहे. पण शेवटच्या पाळीतला सैनिक येईपर्यंत हिरव्या खुणेचे भांडे रिकामे झाले असेल, तर ती खूण केवळ टोमण्यासारखी वाटते.

तक्रार करावी तर कोणाकडे? भोजनगृह ज्याच्या अखत्यारीत, खोलीचे वाटप ज्याच्या सहीने, आणि बढतीचा शेरा लिहिणारा जो, ते सर्व एकाच साखळीतले असतात. या साखळीच्या आतच तपासणी ठेवली तर काय होते, हे रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराने जून १९०५ मध्ये पाहिले: पोटेम्किन या युद्धनौकेवर अळ्या पडलेले मांस आले, जहाजावरच्या डॉक्टरने ते धुऊन खाण्याजोगे असल्याचा निर्वाळा दिला, आणि दिवस मावळण्याआधी नौका बंडखोरांच्या ताब्यात होती. बंडामागे अर्थातच मांसापलीकडची पुष्कळ कारणे होती. पण डॉक्टरचा तो निर्वाळा मला राहून राहून आठवतो.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक अलीकडचे आणि सुदैवाने रक्तहीन आहे. तेथे सक्तीच्या सेवेतील सैनिकांना २०२० पासून ठरावीक वेळेत मोबाइल वापरण्याची रीतसर परवानगी मिळाली. २०२१ च्या वसंत ऋतूत कोरोनामुळे विलगीकरणात ठेवलेल्या सैनिकांना डब्यात काय दिले जाते, त्याची छायाचित्रे फेसबुकवर आली: थोडा भात, नावापुरती भाजी, बाकी रिकामे कप्पे. संरक्षणमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली. दर सैनिकामागे दिवसाला ८,७९० वॉन असलेली भोजन तरतूद जुलैमध्ये १०,००० वॉन झाली आणि पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत १३,००० वॉनवर गेली. त्याचबरोबर हेही उघड झाले की, कृषी आणि पशुपालन सहकारी संस्थांशी असलेल्या जुन्या पुरवठा करारांमुळे आधी माल ठरे आणि मग त्यावरून जेवणाचा बेत. पैसा वाढवणे सोपे होते. ही उलटी साखळी सरळ करणे हे खरे काम होते. वर्षानुवर्षे साखळीतून वर न गेलेली तक्रार एका छायाचित्राने काही दिवसांत मंत्र्यापर्यंत नेली, याचा आनंद मानावा की लाज वाटावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यावर खासगीकरण हा उपाय पुष्कळ जण सुचवतात. मला त्याचे वावडे नाही, पण भाबडा विश्वासही नाही. अमेरिकेने १९९६ पासून सैनिकी कुटुंबांची घरे खासगी कंपन्यांकडे सोपवली. त्यांतल्या एका मोठ्या कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयात कबूल केले की, कामगिरीचा बोनस मिळवण्यासाठी दुरुस्तीच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या होत्या. घरमालक बदलला तरी भाडेकरूला जाता येत नसेल, तर घरमालकाचे वागणे कशाला बदलेल?

म्हणून माझ्या मागण्या या ‘जाता न येण्या’पाशीच सुरू होतात. खोल्यांची तपासणी करणारा माणूस त्या तळाच्या प्रमुखाच्या हाताखाली नसावा आणि त्याचे निष्कर्ष इमारतवार जाहीर व्हावेत. खोली ठरलेल्या दर्जाखाली गेली आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त झाली नाही, तर तेथल्या सैनिकाला बाहेर राहण्याचा भत्ता आपोआप मिळावा. त्यासाठी त्याला अर्ज करावा लागू नये. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०२१ मध्ये नोंदवले होते की, तेथे एकट्यासाठीच्या निवासात राहणाऱ्या सुमारे ८०,००० सैनिकांपैकी ३६ टक्के निकृष्ट श्रेणीच्या जागेत होते आणि २,४०७ जणांची जागा इतकी वाईट होती की त्यांच्याकडून भाडेच घेतले जात नव्हते. भाडे माफ करणे हा प्रामाणिकपणा आहे, पण राज्यानेच राहण्यास अयोग्य मानलेल्या खोलीत माणूस फुकट का होईना राहतच होता.

आणि जेवणाच्या कपातीबाबत तर उपाय वेतन कार्यालयातल्या एका नोंदीइतका सोपा आहे. सैनिकाच्या पगारातून दरमहा पैसे कापणाऱ्या यंत्रणेला त्याचा हुद्दा, तळ आणि तुकडी ठाऊक असते. ज्या दिवशी त्याला नेमून दिलेले भोजनगृह बंद होते किंवा त्याच्या पाळीच्या वेळेत उघडलेच नाही, त्या दिवसाची रक्कम त्याच महिन्याच्या पगारात परत जमा करावी आणि ती तळाच्या प्रमुखाच्या अंदाजपत्रकातून वळती करावी. आज बंद दाराचा भुर्दंड एकोणीस वर्षांचा सैनिक भरतो. तो दर महिन्याला प्रमुखाच्या टेबलावर बिलाच्या रूपात येऊ लागला, तर आचारी सरावाला पाठवण्यापूर्वी त्यांच्या जागी कोण उभे राहणार, हा प्रश्न त्याच टेबलावर विचारला जाईल.